बाबांचं पाणी

"ज्या फोटोत आपलं माणूस आहे, त्या फोटोवर आपण शिक्का मारायचा नाही. दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि आपण उठून चहा करायला जायचं."

सबनीस मॅडमनी हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि मयुराने ते हसण्यावारी नेलं होतं. स्क्रीनवर अठरा चौकटी, अठरा चेहरे. त्यातल्या आपल्या चौकटीतून ती म्हणाली होती, "मॅडम, आमचं माणूस वाळवंटातल्या दगडांत कशाला सापडतंय?"

बाकीचे खो खो हसले. मॅडम हसल्या नाहीत. "सापडतं," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या विषयाकडे वळल्या.

मयुराला तेव्हाही माहीत होतं की आपलं माणूस सापडू शकतं. ते तिच्या टेबलाच्या खणात, प्लास्टिकच्या पाकिटात, घळीतल्या हिरव्यागार पाण्याकाठी उभंच होतं. पण मॅडमचा नियम भोळ्याभाबड्यांसाठी असावा, अशी तिची समजूत. आपण भूशास्त्र शिकलेल्या. शिवाय आपण म्हणजे लेकीचं दूध तीनदा हातावर टाकून बघणारी, दाराची कडी लावल्यावर पुन्हा येऊन ओढून बघणारी बाई. चूक होईल तर दुसऱ्या कुणाची.

काम होतं दगड ओळखायचं. यंत्राचं नाव दिगंत. जगातल्या कुठल्याही वाळवंटी घळीचा फोटो त्याला द्यायचा. जुना, फाटका, कडेने पिवळा पडलेलाही चालतो. घळीची वरची कड आकाशावर जी रेघ काढते, ती अंगठ्याच्या ठशासारखी असते, दुसरीकडे सहसा सापडत नाही. दिगंत ती रेघ उचलून उपग्रहांनी मोजलेल्या सगळ्या डोंगरांशी ताडून बघायचं. अरुंद घळीत आकाशच दिसत नाही, तिथे ते भिंतीवरचे थर वाचायचं. दोन बोटं तांबडा, वीतभर पांढरा, मग राखाडी, मग पुन्हा तांबडा: हा क्रम आणि त्यांचा कल. सावलीवरून वेळ काढायचं. एवढं करूनही शंका उरली तर फोटो मयुरासारख्या माणसापुढे यायचा. तिने दोन चित्रं शेजारी ठेवून पाहायचं आणि सांगायचं, हे तेच ठिकाण की नाही. तिने शिक्का मारला की तो फोटो त्या घळीत शिवला जायचा.

अशा लाखो फोटोंचे तुकडे शिवून दिगंतने अख्ख्या घळी उभ्या केल्या होत्या. चष्मा लावला की आत चालत जाता यायचं. हौशी मंडळी आधी घरात बसून चालायची, मग तीच घळ फोनमध्ये उतरवून घेऊन खरोखरची चालायला जायची. आत नेटवर्क नसतं, म्हणून वाट सोबतच न्यायची. वळण कुठे, उतरायला जागा कुठे, पाणी कुठे, फोन कानात सांगत राहायचा, ज्याच्या त्याच्या भाषेत.

मयुराच्या आईला हे सगळं एका वाक्यात कळलं होतं. "म्हणजे दगडांची लग्नं जुळवतेस तू. किती गुण जुळले बघायचं आणि अक्षता टाकायच्या."

"तसंच समज."

"आणि नांदलं नाही तर?"

"दगड आहेत आई. कुठे जाणार पळून?"

आई संगमेश्वरकडची. नातीला सांभाळायला म्हणून कऱ्हाडला आली ती राहिलीच. जाई चार वर्षांची. खिडकीच्या गजांपासून सांडशीपर्यंत घरात तिला लागेल असं काय काय आहे, याची एक यादी मयुराच्या डोक्यात सतत चालू असे. स्क्रीनवर एक डोळा आणि जाईवर एक. नवरा मंदार म्हणायचा, "तुझ्या दोन डोळ्यांना दोन पगार मिळायला हवेत."

खणातला फोटो २००५ सालचा.

बाबा, अनंत चाळके, ओमानमध्ये मोजणीच्या कॅम्पवर होते. दुर्बीण लावणारा साहेब दुसरा. बाबा हातात पट्ट्यांची काठी धरून दूर दगडावर उभे राहणारे. दोन वर्षांनी एकदा, चाळीस दिवसांची रजा. ते यायचे म्हणजे आधी बॅग यायची. ती उघडली की जो वास सुटायचा, साबणाचा, खजुराचा, कोऱ्या ब्लँकेटचा आणि कसल्याशा गोड अत्तराचा मिळून एक, त्यालाच मयुरा लहानपणी मस्कत म्हणायची. बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली तरी ती शिडी लावून वर चढायची आणि झाकणात तोंड घालून बसायची. बाबा खाली अंगणात असायचे, आणि ती वर त्यांचा वास घेत बसायची. उलटंच सगळं. पण खाली बसलेल्या माणसाशी काय बोलायचं हे तिला सुचत नसे, आणि बॅगेशी सगळं बोलता येई.

मयुरा नऊ वर्षांची असताना कॅम्पच्या रस्त्यावर गाडी उलटली आणि बाबा गेले. सगळे दिवस जोडून पाहिले तर तिने बाप पाच-सहा महिने पाहिला असेल. बाकीचा बाप फोटोतला. त्यातही हा एक फोटो मोठा करून घेतलेला, बाकीचे सगळे बोटभर. दोन्हीकडे तांबड्यापांढऱ्या थरांच्या भिंती, मध्ये कपारीखाली हिरवं पाणी, काठावर कोरा पांढरा टी-शर्ट घातलेले बाबा, हसताना डोळे मिटलेले, उजव्या मनगटावर रुंद पट्ट्याचं घड्याळ. मागे त्यांच्या किरट्या अक्षरात: "इथे बाराही महिने पाणी असते. मोठी झालीस की आणीन."

ती मोठी झाली. अकरावीत पहिलं घड्याळ मिळालं ते तिने उजव्या मनगटावर बांधलं, आणि तेव्हापासून तिथेच. मैत्रिणी विचारायच्या, डावखुरी आहेस का? ती म्हणायची, नाही, बापावर गेलेय.

तर झालं असं, की गेल्या जानेवारीत एका दुपारी जाई झोपली होती, कामाची रांग रिकामी होती, आणि मयुराने खण उघडला.

दिगंतला दहा सेकंदं लागली. ओमानमधली वादी रिसाफ, डावी शाखा. वादी म्हणजे तिकडची कोरड्या नदीची घळ. खात्री एक्क्याऐंशी टक्के. खाली पिवळ्या पट्टीत शंका: "फोटो छापताना उलटला असण्याची शक्यता आहे. व्यक्तीचे घड्याळ उजव्या मनगटावर आहे. फोटो उलटा असल्यास ठिकाण वेगळे: वादी घुलैल. उलटा धरावा का?"

मयुराला जरा रागच आला. यंत्राला काय ठाऊक? तिने "नाही" दाबलं आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं: "या व्यक्तीला घड्याळ उजव्या हातात घालायची सवय होती. वैयक्तिक माहिती."

पुढचा प्रश्न आला. पाणी हंगामी की बारमाही? कपारीखाली असल्यामुळे उपग्रहाला ते दिसत नव्हतं. तिने फोटो पालथा केला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि "बारमाही" निवडलं.

शिक्का मारायच्या आधी सबनीस मॅडमचं वाक्य तिला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण दुसऱ्याच्या रांगेत टाकायचं म्हणजे कुणीतरी अनोळखी माणूस अर्ध्या मिनिटात बाबांकडे बघणार आणि "अनिश्चित" म्हणून बाजूला सारणार. तिने शिक्का मारला. नकाशावर डाव्या शाखेत निळा थेंब उमटला.

मग चष्मा लावला.

घळ उभी राहिली. पायाखाली गोटे, वर आकाशाची फीत. एक वळण, दुसरं वळण, आणि तिसऱ्या वळणावर हिरवं पाणी. काठ रिकामा होता. दिगंतच्या लेखी माणसं म्हणजे अडथळा. दगड नीट दिसावेत म्हणून ते फोटोतली माणसं पुसून टाकायचं आणि मागची भिंत अंदाजाने भरायचं. बाबा जिथे होते तिथे आता तांबडा थर होता. मयुरा बरोबर त्या जागी जाऊन उभी राहिली. कऱ्हाडच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, सोफा आणि टीपॉयच्या मध्ये. किती वेळ, कुणास ठाऊक. जाई उठून तिचा कुर्ता ओढायला लागली तेव्हा तिने चष्मा काढला.

"आई, तू का रडते?"

"डोळ्यात वाळू गेली."

"आपल्या घरात कुठंय वाळू?"

तिने हे सांगितलं फक्त एका माणसाला: हमीदकाकांना. हमीद मुकादम हे बाबांच्या कॅम्पवरचे ड्रायव्हर, आपल्याच तालुक्यातले. बाबांचं शेवटचं सामान घेऊन तेच घरी आले होते, आणि त्यानंतर दर दिवाळीला न चुकता फोन. आता बहात्तर वर्षांचे, ओमानमध्येच निझव्याला मुलाकडे, तौफिककडे राहत होते. तौफिकचं तिथे गॅरेज. तो फोटो हमीदकाकांनीच काढलेला.

तिने त्यांना घळ पाठवली. दोन दिवसांनी फोन आला.

"गो बाय, बघितली. तौफिकने मला तो घोड्याचा चष्मा घातला. आमची सून हसून हसून पडली."

"ओळखलंत ना काका?"

"पाणी तेच. दगडही तसाच. पण आम्ही गाडी लावायचो ना, तिथून उन्हं आमच्या पाठीवर यायची. इथे तोंडावर येतायत. आणि रिसाफ नव्हे गो, आम्ही त्याला दुसरंच काहीतरी म्हणायचो."

"बत्तीस वर्षं झाली काका."

"ते झालीच."

"यंत्राने थर मोजलेत, प्रत्येक थर. आणि मी स्वतः तपासलंय. दगड खोटं बोलत नाहीत."

"दगड नाही बोलत," हमीदकाका म्हणाले. मग हसले. "माझंच डोकं आता गंजलं. परवा सुनेला बहिणीच्या नावाने हाक मारली. तू शिकलेली, तू म्हणतेस म्हणजे रिसाफच. आता एकदा जाऊन येतो. अनंताच्या पाण्याची बाटली भरून पाठवतो तुला. तुझ्या पोरीच्या डोक्यावर शिंपड."

"एकटे जाऊ नका हां."

"नाय गो," ते म्हणाले. सगळे म्हातारे म्हणतात तसं.

एप्रिल लागला. जाईला कुणीतरी वाढदिवसाला खोटं घड्याळ दिलं होतं, काटे छापलेलं. रविवारी अकराच्या सुमाराला ती ते घेऊन आली. मयुरा पोळ्या लाटत होती.

"आजीकडून बांधून घे," मयुरा म्हणाली. "आणि उजव्या हाताला हं. आपल्या घरात उजव्या हातात घालतात. आजोबा घालायचे तसं."

आई मटार सोलत बसली होती. तिने मान वर केली. "कोण घालायचे?"

"बाबा."

"उजव्या हातात? हे कुठून आणलंस?"

"आई, फोटोत आहे."

"फोटोत काय असेल ते असेल." आईने जाईचा डावा हात ओढून घेतला. "मी बांधत होते ते घड्याळ. रजेवर आले की पहिल्या दिवशी काढून फळीवर ठेवायचे. चाळीस दिवस हात नाही लावायचे. म्हणायचे, इथे मला वेळ बघायची नाही. जायच्या दिवशी पहाटे चहा झाला की हात पुढे करायचे, डावा, आणि मी पट्टा ओढायची. कायम तिसऱ्या भोकात. ते मला चुकेल?"

लाटणं थांबलं. "मी कधीच नाही पाहिलं."

"तू झोपलेली असायचीस. उठवायचं नाही असं तेच सांगायचे."

"मग इतकी वर्षं मी उजव्या हातात घालतेय, तू बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुमची कॉलेजातली फॅशन. मी कशाला बोलू? केस कापलेस तेव्हा बोलले, तर आठ दिवस अबोला धरला होतास."

मयुराने पिठाच्या हातानेच खण उघडला. फोटो डोळ्यांजवळ धरला. कोरा टी-शर्ट, ना खिसा, ना अक्षर. भांग नाही, केस सरळ मागे वळवलेले. उलटसुलट सांगेल असं अंगावर एक घड्याळच होतं, आणि त्याच्याबद्दल यंत्राने विचारलं होतं. स्टुडिओवाल्याने फोटो मोठा करताना निगेटिव्ह पालथी लावली. अर्ध्या सेकंदाची चूक. आणि तिने त्या चुकीलाच बाप धरलं होतं. तिला जी बाबांची मूर्ती आठवायची, दारातून आत येणारी, उजव्या हातात घड्याळ असलेली, ती आठवण नव्हतीच. तो फोटोच तिच्या डोक्यात चालत होता.

घळ उलटी झाली की थरांचा कल उलटतो. सावली उलटी पडते आणि यंत्र सकाळची संध्याकाळ करतं. उन्हं पाठीवर यायची ती तोंडावर येतात.

हमीदकाका.

तिने फोन उचलला. सकाळी आठला त्यांचा आवाजी निरोप येऊन पडला होता. पोळ्यांच्या गडबडीत तिने ऐकला नव्हता.

"बाय, निघालो गो. तौफिक मस्कतला गेलाय गाडीचे पार्ट आणायला, म्हटलं तेवढ्यात जाऊन येऊ. कोणाला सांगू नकोस, ओरडतील. पाण्याची एकच बाटली घेतलीय, ती पण रिकामी करून तिथलं भरून आणायची तुझ्यासाठी. तिथे पाणी हायच. तुझ्या यंत्रानं निळा थेंब दाखवलाय."

फोन लागेना. त्या भिंतींमध्ये लागणारच नव्हता. तिने तौफिकला लावला. तो मस्कतहून निघतच होता. ती एका दमात सगळं बोलली. तौफिक म्हणाला, "ताई, आज पारा पंचेचाळीसवर जाणार आहे इथे."

"दादा, पोलिसांना कळव. रिसाफची डावी शाखा. पाणी नाहीये तिथे. मी चुकीचं दाखवलंय."

"अब्बांना शुगर आहे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मयुराने संगणक उघडला. फोटो उलटा करून दिगंतला दिला. वादी घुलैल, शहाण्णव टक्के. रिसाफपासून चाळीस किलोमीटर दूर, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. मग तिने चष्मा लावला, कारण दुसरं काही करताच येत नव्हतं, आणि रिसाफच्या डाव्या शाखेत शिरली. बहात्तर वर्षांचा माणूस कुठे टेकेल, सावली कुठे पडते, हे बघत एकेक पाऊल पुढे सरकली. तिसऱ्या वळणावर तेच हिरवं पाणी, तिच्याच शिक्क्याने तिथे आलेलं. तिने हात घातला. हवा. पुढची वाट दिगंतने अंदाजाने भरलेली होती. तिथे कुणाचाच फोटो नव्हता. तरीही ती वाट खरी वाटत होती. तिला तिथे उभं राहून ओरडावंसं वाटलं की मागे फिरा काका, मागे फिरा.

एक जागा तिला सापडली. दुसऱ्या आणि तिसऱ्या वळणाच्या मध्ये उजव्या भिंतीत कमरेएवढी खोबण. हा भाग तरी खऱ्या फोटोंतून शिवलेला होता, आणि त्या हिशेबाने तिथे दोननंतर सावली येत होती. मयुराने ती जागा तौफिकला पाठवली. मग वाट पाहिली. आईने पोळ्या केल्या. कुणी जेवलं नाही. जाईला सुद्धा काहीतरी कळलं असावं. ती घड्याळ काढून, मांडीवर ठेवून गप्प बसली होती.

आपल्याकडचे साडेसहा वाजले तेव्हा फोन आला. गाडी तोंडाशीच उभी होती. पोलिसांना म्हातारा त्या खोबणीत नव्हे, तिच्या बराच पुढे, पाचव्या वळणावर उताणा पडलेला सापडला. "थेंब मागे पडला तरी अब्बा पुढे चालत राहिले," तौफिक म्हणाला. "त्यांना वाटलं असणार, आपल्याच डोळ्यांचा दोष, पाणी पुढे असेल." शुद्ध हरपली होती. सलाइन लावलंय. मूत्रपिंडाचं काय ते दोन दिवसांनी कळेल.

तिसऱ्या दिवशी हमीदकाकांनी स्वतः फोन केला. आवाज फाटलेला.

"काय गो, चाळक्यांची पोर. मारलं असतंस की."

मयुराला हुंदका आवरेना.

"रडू नको. मला एक सांगायचंय, ऐक. मी तोंडाशी गाडी लावली ना, तेव्हाच समजलं. उन्हं तोंडावर. ही नव्हे म्हटलं. हमीद, ही नव्हे. पाय सांगत होते माझे. घुलैल. नावसुद्धा तिथे उभ्याउभ्या आठवलं."

"मग का गेलात आत?"

"मग म्हटलं, पोरगी शिकलेली हाय. तिनं तपासलंय. मी काय, ड्रायव्हर माणूस."

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते अगदी साधेपणाने म्हणाले, आणि मयुराने कपाळ भिंतीला टेकवलं.

शिक्का तिने त्याच रविवारी मागे घेतला होता. निळा थेंब गेला. सबनीस मॅडमचा फोन आला. त्यांनी नियमाची आठवण करून दिली नाही, हमीदकाकांच्या मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन किती आलं ते विचारलं. चौकशी संपेपर्यंत मयुराचं काम थांबवल्याचंही त्यांनीच सांगितलं. ती "बरं" म्हणाली. तिला दुसरंच विचारायचं होतं.

"मॅडम, ज्यांनी रिसाफ आधीच उतरवून घेतली असेल, त्यांचं काय? ती तर त्यांच्या फोनमध्ये तशीच राहणार."

"नेटवर्कमध्ये आली की आपोआप दुरुस्त होते. इंग्रजीत सूचनाही टाकलीय कंपनीने."

"किती जणांनी उतरवली होती?"

मॅडमनी बघून सांगितलं. तीन महिन्यांत दोनशे अकरा. दोनशे दहा दुरुस्त झाल्या.

"आणि एक?"

"एक फोन दहा मार्चपासून नेटवर्कला आलेला नाही. बंद असेल, हरवला असेल, बदलला असेल. बहुतेक वेळा तसंच असतं, मयुरा."

"कुणाचा आहे?"

"नाव दिसत नाही आपल्याला. कायद्याने दिसूच देत नाहीत. फक्त सेटिंग दिसतात."

"काय सेटिंग आहेत?"

मॅडमनी वाचून दाखवलं. "अक्षर मोठं. चाल सावकाश. सोबत कुणी नाही. भाषा मराठी."

तिकडच्या पोलिसांनी रिसाफ पुन्हा धुंडाळली. काही सापडलं नाही. पण डावी शाखा पाचव्या वळणानंतर फुटते, आणि पुढच्या फाट्यांमध्ये जायला त्यांच्याकडे कुणी बेपत्ता असल्याची तक्रार हवी. तक्रार कुणीच केलेली नाही. एकट्या माणसाची तक्रार करतं कोण? मुलं तिसऱ्याच देशात असतात, शेजाऱ्यांना वाटतं मुलाकडे गेलेत, मुलाला वाटतं घरी आहेत.

कंपनीची सूचना इंग्रजीत आहे. अक्षर मोठं करून, मराठीत वाट ऐकणारा माणूस ती वाचणार नाही. म्हणून मयुराने जाईला शाळेत सोडलं, आईला चहा दिला, आणि जिथे जिथे मराठी वाचली जाते अशा प्रत्येक जागी पाठवायला एक मजकूर लिहिला. आधी तिने खूप काही लिहिलं होतं, फोटोबद्दल, बाबांबद्दल. ते सगळं खोडलं. उरलं ते असं:

"तुमच्या ओळखीचं कुणी ओमानला आहे का, किंवा या वर्षी गेलं होतं का? वय झालेलं असेल. एकटं हिंडायची आवड असेल. बाई असेल, पुरुष असेल, मला माहीत नाही. ते नीट असतीलच, असं तुम्हाला वाटत असेल. मार्चनंतर त्यांचा आवाज ऐकलाय का, तेवढं आठवून बघा. नुसता आलेला संदेश धरू नका, आवाज. नसेल ऐकला, तर हे वाचून झाल्यावर नको, आत्ताच फोन लावा. लागला नाही, तर त्यांच्या घरी कुणाला तरी पाठवा, कुलूप बघून या, आणि वादी रिसाफ, डावी शाखा, एवढं सांगून पोलिसांत तक्रार द्या. तिथे पाणी नाही. मी आहे म्हणून सांगितलं होतं. कृपा करून एकदा बघून या."